सॅडल पीक आणि मामाचं पैंजण

अंदमानहून येऊन चार महिने झाले. बुटांतली वाळू गेली, पायांवरचे डाग गेले, किस्से मात्र वाढतच चाललेत. जेवायला कुणी आलं की मामा एक सांगतो, मामी त्यातली चूक काढते, आणि त्या चुकीचाच आणखी एक किस्सा होतो. म्हटलं, खरे तेवढे आपण लिहून ठेवू.

मुळात हे सगळे माझ्याबरोबर येणारच नव्हते. अंदमानातल्या सगळ्यांत उंच डोंगरावर, सॅडल पीकवर, मी मैत्रिणींबरोबर जाणार होते. त्यासाठी दोन वर्षं रोज पहाटे कोल्हापुरात रंकाळा तलावाला फेऱ्या मारल्या. ऐन वेळी मैत्रिणी गळाल्या आणि घरात सभा बसली. मी तेवीस वर्षांची, इंजिनिअर, नोकरी करणारी. तरी ठरलं असं की सोबत मोठं माणूस पाहिजे. मोठी माणसं तीन निघाली: तात्यामामा, मामी आणि मामाचा हुपरीचा दोस्त शकीलचाचा.

*

मामा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. कागल असो नाहीतर गडहिंग्लज, प्रवाशानं किती लांब म्हणून विचारलं की उत्तर एकच, "हितंच हाय की." रिटायर झाला तरी ते गेलं नाही. या शब्दावर विश्वास ठेवून मी लहानपणी जोतिबाचा डोंगर रडत चढलेय.

पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला दिवसभराचा बसप्रवास. मामा सीटवर टेकलाच नाही, दारात उभा. चहाच्या थांब्यानंतर सगळे चढलेले बघून त्यानं सवयीनं पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरनं गाडी काढली. पंधरा मिनिटांनी कळलं, खरा कंडक्टर मागं चहा पीत राहिलाय! गाडी फिरवून त्याला आणेपर्यंत मामी मामाला बोलत होती.

"शिटं मोजली की मी," मामा म्हणाला. "कंडक्टर मोजत न्हाईत."

*

डोंगराखाली आमचा वाटाड्या भेटला, बिपुल. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, बोलायला कमी. त्यानं आपला नियम आधीच सांगितला: बारापर्यंत माथा, नाहीतर असाल तिथून मागं. दुपारी पाऊस आला की वाट निसरडी होते. आणि गट फोडायचा नाही. एक मागं तर सगळे मागं.

मी मामाच्या गुडघ्यांकडं बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

*

मामा दर वळणाला तंबाखू मळायला मागं राहायचा. शकीलचाचाच्या घरी पैंजणं बनतात. त्यानं खिशातून नमुन्याचं एक पैंजण काढलं आणि मामाच्या सॅकला बांधलं. त्या दाट जंगलात पुढं आम्ही, मागून छुमछुम. आवाज थांबला की मी ओरडायचे, "मामा, चल की!"

वरून उतरणारं एक जोडपं तो आवाज ऐकून कौतुकानं नवरी बघायला थांबलं. झाडीतून आला मामा, मिशा पुसत.

*

जळवांवर मामीचा उपाय, कांदा-लसूण मसाला. तिनं तो मुठीनं सगळ्यांच्या मोज्यांवर चोळला, बिपुललाही सोडलं नाही. खरंच एक जळू फिरकली नाही. मग ओढा लागला. मसाला भिजला आणि बोटांच्या बेचक्यांत उतरला.

शकीलचाचा एका पायावर नाचत म्हणाला, "वहिनी, जळवांनी गप रगत तरी पिलं असतं!"

*

पाय धुताना बिपुलनं विचारलं, कोल्हापूर कुठं, मुंबईजवळ का?

"हितंच हाय की," मामा म्हणाला.

बिपुलनं मला अर्थ विचारला. मी आधीच तापलेले. म्हटलं, अर्थ काही नसतो. अंतर खरं सांगायचं नसलं की आमच्याकडची मोठी माणसं असं बोलतात. त्यानं तो शब्द दोन-तीनदा ओठांत घोळवून बघितला.

*

शेवटचा चढ डोंगराच्या धारेवरून, झाडांची मुळं धरत. साडेअकराला छुमछुम थांबली. मी धावत खाली गेले. मामा एका मुळावर गुडघे धरून बसला होता. मी नको नको ते बोलले. तुला यायला सांगितलं कुणी, दोन वर्षं मी याचसाठी घाम गाळला, आता तुझ्यापायी सगळे मागं.

मामानं हात पुढं केला. "उठीव."

त्याला उठवलं आणि त्याच्या मागून चालले, त्याची सॅक खालून उचलून धरत. पैंजण आता माझ्या हाताशी वाजत होतं.

बाराला बिपुल थांबला. वर नुसती झाडं, माथ्याचा पत्ता नाही. त्याच्याशी भांडायचं मी ठरवूनच ठेवलं होतं, पण "और कितना है?" एवढंच विचारलं.

त्यानं घड्याळात बघितलं. मग माझ्याकडं, मग मामाकडं. घड्याळ मनगटावरून सोडवलं आणि खिशात टाकलं.

"हितंच हाय की," म्हणाला, आणि चढायला लागला.