साडूचा सेट आणि माझा माईक

भोंग्यातून आधी 'घूं' असा जाड आवाज येत होता आणि त्याच्यावर गरम तेलात मोहरी पडावी तशी बारीक चरचर. शंकरपटाला जमलेले लोक कानावर हात ठेवून हसत होते. मला ते ऐकून जे सुख झालं, ते लपवायला मी तोंडात पान कोंबलं.

सेट माझा नव्हता, वामनचा होता. वामन म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहणार कुरखेड्याचा, धंदा मोहफुलं आणि हिरड्याचा. मी आरमोरीत रेडिओ दुरुस्त करायचो आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचो. ही एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट, तेव्हा आमच्या चांदा जिल्ह्याच्या या भागात वीज नव्हती. सगळं बॅटरीवर चालायचं.

धान निघालं की गावोगाव शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. कोणाची जोडी सुटली, कोणाची जिंकली, हे ओरडून सांगायला लाऊडस्पीकर लागतो. देवाजी पाटलांच्या पटावर कितीतरी वर्षं माझाच भोंगा असायचा. आणि त्या पटावर ज्याचा भोंगा, आसपासच्या मंडयांनाही, म्हणजे गावजत्रांनाही, त्याचाच. यंदा वामननं नागपूरहून नवा कोरा ॲम्प्लिफायर आणला आणि पाटलांनी त्याला बोलावलं. ज्याला व्हॉल्व्ह आणि काचेची चिमणी यातला फरक कळत नव्हता, त्याला. व्हॉल्व्ह म्हणजे आतले ते काचेचे दिवे, जे बारीक आवाजाचा मोठा आवाज करतात. मी ते शिकायला नागपूरच्या एका दुकानात उमेदवारी केली होती. यानं फक्त पाकीट उघडलं होतं. घरी बायको आठवडाभर धाकटीच्या घरच्या चकचकीत पेटीचं कौतुक करत होती. माझा जळफळाट होत होता आणि जेवण जात नव्हतं.

पाटलांनी मला गर्दीतून हाक मारली. म्हणाले, साडू तुमचाच आहे, जरा पाहून द्या. शिवाय खबरदारी म्हणून त्यांनी खासर, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून माझा सेट आणायला माणूस पाठवला. पहिली जोडी सुटायच्या आत हा आवाज बंद झाला नाही, तर माझा सेट लागणार होता. म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. मान हलवून "ट्रान्सफॉर्मर गेला" एवढं म्हटलं की पट माझा, मंडया माझ्या.

मी पेटी उघडली. आतली सोल्डरिंग वाकून पाहिली. इतकी सुबक सांधणी मला कधी जमली नव्हती.

अशा बिघाडात आधी आवाजाचं बटण खाली करायचं. तरीही घूं राहिली, तर दोष पुढच्या भागात किंवा बॅटरीकडून करंट येतो तिकडे. घूं गेली, तर दोष बटणाच्या आधी, म्हणजे माईकच्या बाजूला. मी बटण खाली केलं. भोंगा गप्प झाला. पुन्हा वर केलं, आवाज आला. मग माईकची पिन उपसली. आवाज पार गेला. सेट ठणठणीत होता. वाईट वाटलं.

माईक हातात घेतला तर ओला. जाळीत हळद-कुंकवाचा चिखल, पिनीला चिकट पाणी. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय चालू करत नाहीत. पाटलांच्या आईनं सकाळी नारळ फोडून पाणी थेट माईकवर शिंपडलं होतं. तेव्हाच्या माईकच्या पोटात आवाजाचा करंट करणारा एक स्फटिकाचा खडा असायचा, त्याला ओल अजिबात चालत नाही. त्यातून ती चरचर. आणि बॅटरीचा करंट वाढवणाऱ्या यंत्राची घरघर अडवायला माईकच्या वायरीवर तारेची जाळी असते, तिचा सांधा पिनीपाशी भिजून बिघडला होता. त्यातून घूं. माझ्या सेटचीही पूजा व्हायची, पण मी भोंगा पुढे करायचो. भोंगा पावसातही वाजतो.

आता सांगायचं काय? सेट वाईट म्हटलं, तर बोल नागपूरच्या दुकानदाराला लागला असता. माईक भिजला म्हटलं, तर वामनला. चार गावांसमोर त्याचं अडाणीपण दाखवायची संधी मला सोडवेना.

"माईक भिजवला यानं," मी मोठ्यानं म्हणालो. "पूजा कशाची करू द्यायची, एवढंही समजत नाही, आणि धंदा मांडला."

वामन खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, मले यातलं काईच समजत नाई. तुमीच सांगा आता काय करू."

मला फार बरं वाटलं. तेवढ्यात खासर येऊन उभी राहिली.

पाटील म्हणाले, "म्हंजे सेट चांगला हाय ना? मंग रघुभाऊ, तुमचा माईक यालेच लावा."

आता नाही कसं म्हणू? आत्ताच तर सगळ्यांदेखत निदान केलं होतं. पिन सारखीच होती. लावला. पाटलांनी माईकमध्ये पहिल्या जोडीवाल्याचं नाव घेतलं.

काय आवाज आला म्हणून सांगू! घूं नाही, चरचर नाही. पाटलांचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येत होता. बैल बावरले. लोक वाहवा करू लागले.

माझ्या सेटला पहिल्यापासून घरघर होती. ती मला कधी काढता आली नव्हती. कोणी विचारलं की मी सांगायचो, मशीन चालू असल्याची ती खूण आहे, अन् माईक म्हटला की एवढं चालायचंच. लोकांना पटायचं.

पाटलांनी माईक तोंडासमोरून काढला नव्हता. तसंच माझ्याकडे वळून विचारलं, "माईक तं तुमचाच हाय, रघुभाऊ. मंग इतके साल घरघर कायची होती?"

ते शेवटच्या बैलबंडीवाल्यापर्यंत ऐकू गेलं. अगदी स्वच्छ.

पुढचे पट वामनला मिळाले, मंडयाही. मी रेडिओच दुरुस्त करत राहिलो. दोष कुठे आहे हे कळायला एक वस्तू बदलून पाहावी, असं आमच्या धंद्यात शिकवतात. ते खरंच आहे. फक्त बदलायची वस्तू आपल्या घरची असू नये.