बिनमांज्याचे महाराज

१९५७ सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. अमरावतीत केशवराव वकिलांच्या घरी सत्यनारायण होता आणि पूजा सांगायला नेहमीप्रमाणे हरिहर महाराज बसले होते. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, त्यामुळे घरातली बायामाणसं हातातली कामं टाकून ऐकत होती. महाराज मात्र पंचामृताच्या वाटीत बोट घालताना दरवेळी डोळे बारीक करत होते. दही आणि मध बोटांना झोंबत होता. चौथ्या अध्यायाला त्यांनी तांदळाची मूठ उचलली आणि तर्जनीवरची खपली सुटली. रक्ताचा थेंब चौरंगावरच्या पांढऱ्याशुभ्र वस्त्रावर पडला.

तो नेमका पाहिला केशवरावांच्या आईनं, मनकर्णाबाईंनी.

"हे काय, महाराज? हात दाखवा बरं."

महाराजांनी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. उजव्या हाताच्या तीन बोटांवर बारीक, सरळ चिरा होत्या. त्या कशाच्या हे अमरावतीतल्या कोणालाही सांगावं लागलं नसतं. काचेची पूड लावलेला मांजा बोटातून सर्रकन् गेला की अशाच चिरा पडतात.

"पतंग उडवता? चौतीस वर्षांचे झालात ना?" मनकर्णाबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, "केशव, तुझ्या वडिलांच्या श्राद्धाला दुसरे महाराज बघ. पिंडावर रक्त सांडलेलं मला चालायचं नाही."

हरिहर महाराजांनी पूजा पुरी केली, प्रसाद घेतला आणि मान खाली घालून घरी आले. बायकोला, चारुशीलेला, त्यांनी सगळं सांगितलं आणि मांज्याची चक्री माळ्यावर टाकून दिली.

दोन दिवस ते घरात असे वावरले की जणू कोणी गेलंय. वाऱ्याची झुळूक आली की खिडकीशी जायचे आणि लगेच परत फिरायचे. तिसऱ्या दिवशी चारुशीला कंटाळली.

"बोट कापतो तो मांजा. पतंग तर कापत नाही ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे साध्या दोऱ्यानं उडवा."

महाराज हसले. "अगं, साधा दोरा म्हणजे पहिल्या पेचातच गेली."

"मग पेच घेऊ नका."

"मी नाही घेतला तरी दुसरे घेतात ना! येऊन भिडतात."

"मग पळा," चारुशीला म्हणाली आणि पोळ्या लाटायला निघून गेली.

ती हे सहज बोलली होती. महाराजांच्या डोक्यात मात्र ते रुतून बसलं.

पुढच्या रविवारी ते साधा सुती दोरा घेऊन मालटेकडीवर गेले. तिथं गावातले सगळे शौकीन जमत. त्या दुपारी महाराजांच्या सात पतंगी कटल्या. प्रत्येक वेळी खालून "ओ काट!" असा गलका उठायचा. सातवी गेली तेव्हा तर कोणी गलकाही केला नाही. हसायचंसुद्धा लोकांना जिवावर आलं होतं.

त्यांच्या घरी रोज सकाळी पूजेची फुलं आणून देणारे शालिकराम हे सगळं बाजूला उभे राहून बघत होते. वडाळीच्या रस्त्याला त्यांचा मळा होता, झेंडूचा आणि शेवंतीचा. स्वतः पतंगी बनवायचे, पण त्या विकत मात्र नसत. सोमवारी फुलांचा पुडा दारात ठेवून ते तिथेच थांबले.

"महाराज, काल सात गेल्या."

"गेल्या खऱ्या."

"तुमी लढाची पतंग घेऊन पळून राह्यले. पळाची पतंग अलग रायते. माह्या मळ्यात या, करून देतो."

तिथून त्या दोघांचं जमलं. शालिकरामांनी केलेली पतंग नेहमीच्या पतंगीपेक्षा चार बोटं लहान होती. बांबूची कमान त्यांनी फुटक्या काचेनं इतकी तासली की उजेडासमोर धरली तर आरपार दिसेल असं वाटायचं. ती बोटावर तोलून दोन्ही बाजू सारख्या झुकतात का ते पाहायचं, नाही झुकल्या तर पुन्हा तासायची. पतंगीला दोरा जिथं बांधतात ती कन्नी ते नेहमीपेक्षा अर्धं बोट वर घ्यायचे. कागद चिकटवायची खळ चारुशीला शिजवून द्यायची. दोरा शिंप्याकडचा शिवणाचाच होता.

विद्या म्हणाल तर एवढीच. दोरा ताणलेला असला की पतंग नाकासमोर धावते. ढिला सोडला की जागच्या जागी गिरक्या घेते. तिचं नाक हव्या त्या दिशेला आलं की तेवढ्यात खेचायचं. पण हे "तेवढ्यात" बोटांत उतरायला महाराजांना दोन संक्रांती लागल्या. आयुष्यभर श्लोक म्हटलेला माणूस, त्यांनी मोजमापही श्लोकाचंच धरलं. अर्धा चरण ढील, दोन अक्षरं खेच. शेवंतीच्या वाफ्यांत एक बुजगावणं होतं. त्याच्या मडक्याच्या डोक्यावर पतंग अलगद टेकवायची आणि पुन्हा उचलायची, हा त्यांचा रोजचा अभ्यास. सुरुवातीला मडक्याला धडकून इतक्या पतंगी फाटल्या की शालिकरामांची बायको तानुबाई म्हणाली, "पाखरं तर भेतच नाईत त्याले, पण महाराज लय भेतात."

१९५९ उजाडलं आणि मालटेकडीवरचं हसणं बंद झालं. मांजावाले चारी बाजूंनी येत आणि महाराजांची चिमुकली पतंग त्यांच्यामधून सुळकन् खाली यायची. झाडाच्या शेंड्याला पोट घासून पलीकडे वर निघायची. कोणाला काटायची नाही आणि कोणाला सापडायची नाही. सहदेव कंपाउंडर, शाळेचे चित्रकलेचे मास्तर बंडू, एक-दोन निवृत्त कारकून असे चार-सहा जण मांजा सोडून महाराजांच्या बाजूला येऊन उभे राहू लागले. रविवारी दुपारी त्यांचं वेगळंच टोळकं जमायचं. लोक त्यांना "बिनमांज्याचे" म्हणत. जोडीला पूजाही वाढल्या, कारण बोटं आता स्वच्छ होती.

अकोल्याचे खुशालराव हे पेचांमधलं मोठं नाव. जिनिंगमध्ये फिटर होते. मुलीसाठी स्थळ पाहायला अमरावतीला आले आणि पाव्हण्यांच्या गच्चीवरून त्यांनी महाराजांची पतंग पाहिली. स्थळाचं बोलणं अर्धं टाकून ते टेकडीवर आले.

"महाराज, अकोल्याले या. मोर्णा नदीच्या वाळूत. आमी तिघं मांज्यावाले, तुमी एकटे. अर्धा घंटा टिकून दाखवा."

"येतो की," महाराज म्हणाले. बोलून गेले आणि मग घाबरले.

दिवस ठरला १९६१ च्या संक्रांतीनंतरची कर. करीला कोणी शुभकार्य काढत नाही, म्हणून भिक्षुकाला तेवढीच सुटी. दुसऱ्या दिवशी मात्र मोठी वास्तुशांत होती. महाराज, शालिकराम आणि टोळकं सकाळच्या गाडीनं निघून बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला पोचलं. नदीच्या पात्रात ही गर्दी! काठावरच्या असदगड किल्ल्याच्या तटावरही माणसं बसली होती.

खुशालरावांनी घड्याळ एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरांच्या हातात दिलं. शालिकराम पतंग घेऊन पन्नास पावलं लांब गेले आणि त्यांनी ती वर सोडली. हे काम नेहमी तेच करत.

पहिली दहा मिनिटं महाराजांना स्वतःचं भान नव्हतं. तीन पतंगी वरून येत होत्या आणि ते ढील देत होते, खेचत होते, ओठांत श्लोक चालू होता. मग खुशालरावांची लाल पतंग तिरकी येऊन त्यांच्या दोऱ्याला भिडली. महाराजांना वाटलं, संपलं.

आणि लाल पतंगच कटली.

"ओ काट!" सारं पात्र दणाणलं. अमरावतीचं टोळकं नाचायला लागलं. महाराज मात्र वर बघतच राहिले. साध्या दोऱ्यानं मांजा कटत नाही. त्यांनी भराभर पतंग उतरवायला घेतली. गुळगुळीत दोरा हातातून येत होता, येत होता, आणि मग एकदम खरखरीत झाला. बोट चिरलं. पतंगीपासची पन्नास पावलं मांज्याची होती. बिनरंगाचा, पांढरा मांजा, लांबून कळूच नये असा.

पतंगीला दोरा बांधणारा माणूस एकच होता. महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. शालिकराम खाली वाळूकडे बघत होते.

महाराज पोस्टमास्तरांपाशी गेले आणि पूजेत लावतात त्या आवाजात म्हणाले, "थांबवा. माझ्या दोऱ्याला मांजा आहे. खुशालरावांची पतंग मी लबाडीनं काटली."

कुठून तरी शिट्टी आली, कोणी तरी "बामन खोटा निघाला!" असं ओरडलं. तेव्हा शालिकराम गर्दी सारत पुढे आले.

"म्या लावला. महाराजाले ठाऊक नव्हतं. जे बोलाचं ते मले बोला."

खुशालरावांनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. महाराजांचं रक्ताळलेलं बोट धरून नीट पाहिलं. "याले ठाऊक असतं तर यानं असं बोट कापून घेतलं असतं काय?" ते लोकांना म्हणाले. "जे झालं ते झालं. महाराज, साधा दोरा हाय काय अजून?"

"आहे."

"मंग नव्यानं सुरू करा. घड्याळ परत लावा, मास्तर."

बोटाला चिंधी गुंडाळून महाराज पुन्हा उभे राहिले. या वेळी पतंग बंडू मास्तरांनी सोडली. महाराजांनी ती नदीच्या पाण्यावर इतकी खाली आणली की धुणं धुणाऱ्या बाया किंचाळून मागे सरल्या. एकदा ती तटावर बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून गेली आणि त्यातल्या एकाची टोपी पाडून गेली. शिट्ट्या थांबल्या, लोक पाऊलभर पुढे आले. शेवटी वारा पडला, पतंगीला पळायला बळ उरलं नाही आणि खुशालरावांनी तिला शांतपणे काटलं. "ओ काट" कोणी ओरडलंच नाही. खुशालराव मात्र चक्री खाली ठेवून आले आणि महाराजांच्या पाया पडले.

परतीच्या गाडीत महाराज शालिकरामांशी एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीच्या यजमानांकडे स्वतः जाऊन बोट दाखवलं आणि आपल्या जागी दुसऱ्यांना पाठवलं.

त्यानंतर फुलांचा पुडा रोज दारात यायचा, पण हाक यायची नाही. महाराज दार उघडेपर्यंत शालिकरामांची सायकल कोपऱ्यावर गेलेली असायची. तीन आठवडे असंच चाललं. महाराज टेकडीवरही गेले नाहीत.

"मांज्याचा राग नाहीये तुम्हाला," एक दिवस चारुशीला म्हणाली.

"मग कशाचा आहे?"

"शालिकभाऊंना वाटलं तुम्ही टिकणार नाही. त्याचा."

महाराज सदरा चढवून निघाले ते थेट मळ्यात.

शालिकराम शेवंती खुडत होते. महाराजांना पाहून उठले, हात धोतराला पुसले आणि उभेच राहिले.

"काहून केलं तुम्ही असं?" महाराजांनी विचारलं. एरवी शुद्ध बोलणारे महाराज, पण त्या दिवशी तोंडातून तसंच निघालं.

"भेव वाटलं, महाराज."

"माझा भरवसा नव्हता."

"तुमचा?" शालिकराम चमकले. "तुमचा होता जी. माह्या पतंगीचा नव्हता. नदीवरची हवा म्या कधी पाह्यली नाई. तिथं ती कशी वागन, मले काय ठाऊक? कटली असती तं लोक म्हणाले असते, महाराज हारले. पण हारली असती माही पतंग. माह्यापायी तुमची फजिती, हे मले पाह्यवलं नसतं."

महाराज वाफ्याच्या कडेला बसले. हे त्यांना सुचलंच नव्हतं. तीन आठवडे ते स्वतःचाच अपमान घोळवत बसले होते, आणि हा माणूस स्वतःच्या हाताच्या कामाला भ्यालेला.

"बावीस मिनिटं टिकली तुमची पतंग," ते म्हणाले. "तिघांसमोर. परक्या हवेत. वारा पडला म्हणून गेली, नाहीतर गेली नसती."

"तेवीस," शालिकराम म्हणाले.

"काय?"

"तेवीस मिनिटं. मी पोस्टमास्तरच्या मांगंच उभा होतो. घड्याळ पाहून राह्यलो होतो."

तानुबाईनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून दोघांच्या पुढ्यात ठेवला. महाराज कोणाच्या हातचं खात नसत, असा लौकिक होता. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

फाल्गुनात खुशालराव तीन माणसं घेऊन अमरावतीला आले. आता मात्र स्थळ वगैरे काही नव्हतं, बिनमांज्यानं उडवायला शिकायचं होतं. महाराजांनी त्यांना सरळ मळ्यात नेलं. "आधी यांच्याकडून पतंग समजून घ्या. मी नंतर," असं सांगून त्यांनी शालिकरामांना पुढे केलं. मग एवढ्या मोठ्या पेचवाल्या खुशालरावांवर शालिकराम दिवसभर ओरडत राहिले, "खेचू नका हो! सोडा, सोडा! ते का बैल हाय?" आणि खुशालराव कान पकडून पुन्हा ढील द्यायचे.

पुढं ठरूनच गेलं. एक संक्रांत मोर्णेच्या वाळूत, एक मालटेकडीवर. अकोल्याची माणसं अमरावतीच्या घरांत उतरायची, अमरावतीची अकोल्यात. १९६५ पर्यंत तीसेक जण झाले होते. मोर्शीहून संत्र्याची टोपली घेऊन येणारे पंजाबरावही त्यात आले. त्यांना उडवता कधीच आलं नाही, पण ते एकही वर्ष चुकले नाहीत.

त्याच वर्षी टेकडीवर डबे घेऊन आलेल्या चारुशीलेच्या हातात महाराजांनी चक्री दिली. ती नको नको म्हणाली, मग पदर खोचून उभी राहिली. महाराज पतंग घेऊन पन्नास पावलं लांब गेले आणि ओरडून सांगायला लागले, "मी सोडली की आधी अर्धा चरण ढील, मग—"

"कळलं हो!" ती ओरडली. "तुम्ही सोडा आधी!"

महाराजांनी पतंग सोडली. ती एक गिरकी घेऊन जमिनीकडे वळली, चारुशीलेनं नेमकं तेवढ्यात खेचलं आणि पतंग सरळ वर चढत गेली.