लाइफबोट उतरली नव्हती

गजू गेल्याचं कळलं तेव्हा मी मुंबईच्या ऑफिसात एका जहाजाचे दाखले तपासत होतो. शोभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमचा दोस्त गेला," एवढंच म्हणाल्या. सकाळी बोरगावच्या आपल्या बागेत फेरी मारायला गेला, संत्र्याच्या झाडाला टेकून बसला, तो तसाच सापडला. समोर स्क्रीनवर जहाजाचा ठिपका हिंदी महासागरात सरकत होता... मी बराच वेळ त्या ठिपक्याकडेच बघत राहिलो.

पांढुर्ण्याच्या कॉलेजात आमची गाठ पडली. मी तिथल्या मास्तरांचा मुलगा. तो सौसरकडचा, सावरगावला मामाकडे राहून शिकणारा. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. जहाजावर जायचं त्याच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. मामा म्हणायचा, "जाम नदीत गुडघाभर पाणी नाही अन् हा चालला दर्यात!" त्याच्यामागे मीही गेलो. मला बोट लागायची, म्हणून चार वर्षांत किनाऱ्यावर परतलो आणि जहाजं सांभाळणाऱ्या एका कंपनीत टेबलामागे बसलो. गजू पाण्यातच राहिला, कॅप्टनच्या खालोखालचा चीफ ऑफिसर झाला, पुढे आमच्याच ताब्यातल्या जहाजावर आला. रजेत तो बागेत खाट टाकायचा. पहाटेच्या धुक्यात झाडांचे नुसते शेंडे तरंगताना दिसायचे. "पाह्य बे मास्तर, जहाजं उभे आहेत," म्हणायचा. बहराचा वास इतका दाट असायचा की खाट डुलतेय असं वाटावं...

आता जे अकरा वर्षं बोललो नाही ते. आंतरराष्ट्रीय नियम असा, की दर तीन महिन्यांनी लाइफबोट खरोखर पाण्यात उतरवून चालवून पाहायची. त्या खेपेला माल भरून लगेच निघायचं होतं, मालकाची घाई होती. मी फोनवर गजूला म्हणालो, "सराव झाला असं लिही आणि निघा."

"होडी तं उतरलीच नाही."

"कागदावर उतरव."

तो हसला. "अन् बुडताना लोकं कागदात बसतीन का बे?"

त्यानं नोंदवहीत खरं तेच लिहिलं : होडी पाण्यात उतरवली नाही. पुढच्या बंदरात तपासणी अधिकाऱ्यानं ते वाचलं आणि जहाज अडकवून ठेवलं. मालकानं विचारलं, चूक कोणाची? मी लिहून दिलं, 'ऑफिसच्या सूचना असूनही चीफ ऑफिसरनं सराव टाळला.' एकच वाक्य. गजूला घरी पाठवलं, आणि नंतर कुठल्याच कंपनीनं त्याला घेतलं नाही.

त्याला वाटायचं, कॅप्टननं नाव घेतलं. "त्यानंच मारलं मले," म्हणायचा आणि माझ्या पिशवीत संत्री भरायचा. दरवर्षी मी ती संत्री मुंबईला नेली. घरी सगळ्यांनी खाल्ली. मला गोड लागली की नाही, आठवत नाही. बोरगावात, सौसरच्या बाजारात लोक अजून म्हणतात, गजूनं जहाज अडकवलं, कामचुकार निघाला. ते खोटं आहे. ते मी लिहिलेलं खोटं आहे.

तेरवीनंतर एका रविवारी बोरगावला गेलो. बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत वहिनींना सगळं सांगितलं. त्या स्टार्टरच्या पेटीकडे बघत ऐकत होत्या.

"हे त्याईले सांगाले पाह्यजे होतं, भाऊजी. मी काय करू आता याचं?"

बाहेर पानं हलत होती, मंद, लाटांसारखी... त्यांनी फळीवरून एक वही काढली. उन्हाळ्यात वाळलं गवत पेटतं म्हणून गजू महिन्याच्या पहिल्या रविवारी बागेत आगीचा सराव घ्यायचा, तो, वहिनी आणि सालदार गडी. मला हे माहीतच नव्हतं. वहीत त्याचं तिरपं अक्षर : 'पाइप शेवटच्या ओळीपर्यंत पोचला नाही.' 'आज सराव नाही. लग्नाला गेलो.' 'शोभा रागावली, तरी धावली.'

"पहिला रविवार हाय आज," वहिनी म्हणाल्या. "उठा."

आम्ही पाइप ओढत शेवटच्या ओळीपर्यंत नेला. मी धापा टाकत ओरडलो, "चालू करा!" काहीच आलं नाही. लाइन गेली होती. परत आल्यावर त्यांनी वही पुढे केली. इतक्या वर्षांची सवय... हातानं आपोआप लिहिलं, 'सराव झाला.'

वहिनींनी वाचलं. "पाणी आलं का?"

मी ते खोडलं. खाली लिहिलं, 'सराव पूर्ण झाला नाही. वीज नव्हती.'

"सही करा," त्या म्हणाल्या. "पूर्ण नावानं. अन् मले सांगतलं ते लोकाईलेही सांगा."

गजूच्या सह्यांच्या खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं. तेच या लेखावरही आहे.