तबकडीच्या शेवटी सांगितलेलं नाव

अनगोळच्या त्या निवृत्त वकिलाचा मला मनापासून राग आहे, आणि हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही. संगीत नाटकांच्या जुन्या तबकड्या आम्ही दोघंही जमवतो. निपाणीच्या बाजारात भंगारवाल्यापुढं उकिडवं बसून मी एकेक तबकडी पुसून बघत असायचो, आणि हा गाडीची काच खाली करून अख्खं पोतं उचलायचा. घरी नेऊन वाजवतो म्हणावं, तर तेही नाही. सुईनं तबकडी झिजते म्हणे! धनावर बसलेला नाग नुसता.

त्याच्या कपाटात माझ्या आजोबांनी गायलेली एकुलती एक तबकडी होती. आजोबा नाटक कंपनीत बायकांची कामं करायचे. माझे वडील दोन वर्षांचे असताना ते कंपनीबरोबर गेले ते गेलेच, पुढं परमुलखात तापानं वारले. वडिलांनी जन्मभर त्यांचं नाव काढलं नाही. घरात कुणी नाटकातलं पद गुणगुणलं तरी ते ताटावरून उठायचे. नव्वदी ओलांडल्यावर मात्र एकदा म्हणाले, "मरायच्या आधी त्येचा आवाज ऐकीन म्हणतो."

वकिलानं नक्कल द्यायला माझ्या दोन उत्तम तबकड्या मागितल्या. दिल्या. पेन ड्राइव्ह घेऊन निपाणीला आलो आणि वडिलांना ऐकवलं. पद संपलं. वडील वाट बघत राहिले.

"ह्ये बाईचं झालं. त्येचा कुठाय?"

त्या काळी पद संपलं की गाणारा आपल्या स्वतःच्या आवाजात नाव सांगायचा. नकलेत तेच नव्हतं. मी वकिलाला फोन लावला.

"ते होय? काढून टाकलं," तो म्हणाला. "खरखर होती. आणि गाणं झाल्यावरची बडबड कशाला हवी?"

म्हणे संग्राहक! बत्तीस वर्षं शाळेत जे शब्द मी पोरांना उच्चारू दिले नाहीत, ते सगळे त्या फोनवर माझ्या तोंडून गेले.

दुसऱ्या दिवशी न कळवता वडिलांना गाडीत घालून त्याच्या दारात उभा राहिलो. त्यानं आम्हाला आत घेतलं ते शेजारी बघत होते म्हणून, दयेनं नव्हे. पाणीसुद्धा विचारलं नाही. तबकडी काढली आणि मला म्हणाला, "एकदाच."

पद झालं. मग एक कोवळा, घाईतला आवाज आला. नाव, गाव, आणि शेवटी दाबलेलं हसू. संपलं.

"परत लाव," वडील म्हणाले.

"एकदाच म्हटलं होतं ना, आप्पा." तबकडी पाकिटात गेलीसुद्धा.

माझा हात उठला असता. वडिलांनी तो घट्ट धरला आणि मला बाहेर आणलं. पायरीवरच ते मटकन बसले. मी वकिलाला शिव्या घालत होतो. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"मला वाटायचं, कोण लई निर्दयी गडी आसंल," ते म्हणाले. "ह्ये तर पोरगंच हुतं की रं. तुझ्या लेकापरीसबी ल्हान. आन् मी जन्मभर मनातल्या मनात त्येला शिव्या घातल्या."