साडेपाच तास मागे

पुण्याहून आलेल्या माणसाला आमच्या सोलापुरात पाणी विचारायच्या आधीच शहाणा ठरवतात. आमच्या साहेबांनी तर त्या सल्लागाराला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण प्लास्टिकच्या स्टुलावर बसले.

आमची कंपनी म्हणजे सहा माणसं आणि टेबलाखाली घरघरणारा एक जुना सर्व्हर. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे तीन प्रोग्राम त्यावर चालायचे. आमची वीज गेली की तिकडे पॅकिंग थांबायचं. म्हणून सगळं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी भाड्याच्या मशीनवर न्यायचं ठरलं. बिलांचा प्रोग्राम जावा नावाच्या संगणकी भाषेत होता, साठ्याचा मी पायथनमध्ये लिहिला होता आणि गठ्ठ्यांवर लावायच्या, तारीख-वेळ छापलेल्या चिठ्ठ्यांचा आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क काकांनी पीएचपीत.

काका पूर्वी टायपिंग शिकवायचे. प्रोग्रामिंग ते स्वतःच शिकले. मी माळशिरसजवळच्या गावातून आले, घरातली पहिली पदवीधर. पदवी होती, पण पडद्यावर चुकीची लाल अक्षरं दिसली की मी न वाचताच पडदा बंद करायचे. काका म्हणायचे, "आधी वाच की पोरी. काय चुकलंय ते मशीननंच लिहिलंय." माझ्या पदवीत हे एक वाक्य नव्हतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सल्लागाराने चहा संपवून निकाल दिला. "एक प्लॅटफॉर्म म्हणजे एक भाषा. सगळं जावात पुन्हा लिहा. पीएचपी क्लाउडवर चालत नाही."

साहेबांनी अशी मान डोलावली, जणू त्यांनी आयुष्यात कधी एक तरी ओळ लिहिली होती. मग काकांकडे न बघता म्हणाले, "काका, दिवाळीनंतर तुम्ही आराम करा."

काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. ते फक्त "बरं" म्हणाले.

मी साहेबांकडे दोन दिवस मागितले. सल्लागार सांगत होता ते खोटं होतं. प्रत्येक प्रोग्राम त्याच्या भाषेसकट वेगळ्या डब्यात भरता येतो. क्लाउडचा प्लॅटफॉर्म नुसता डबा चालवतो, आत काय आहे ते विचारत नाही. एवढं तर मी फुकटच्या व्हिडिओंतून शिकले होते. मोठ्या शहरातल्या माणसाला ते ठाऊक नसावं, किंवा त्याला सहा महिन्यांचं काम हवं असावं. दोन्हींतलं कुठलं जास्त लाजिरवाणं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सगळ्यांसमोर मी काकांचा प्रोग्राम क्लाउडवर चालवला. चिठ्ठी छापून आली. सल्लागाराने ती उचलली आणि हसत सुटला.

"साडेपाच वाजलेत म्हणे! काका, तुमची पीएचपी अजून अंथरुणातच आहे वाटतं."

साहेब त्याच्याहून मोठ्याने हसले. काका मात्र चष्मा वर करून चिठ्ठी वाचत होते. वाचून हळूच म्हणाले, "पुण्याच्या साहेबांच्या जावाला विचार की, किती वाजले."

सल्लागाराने नमुना म्हणून स्वतःचा जावा प्रोग्राम तिथेच चालू ठेवला होता. मी त्याचं पान उघडलं. पाच वाजून बत्तीस मिनिटं. तिथेच चढवलेला माझा पायथनही तेच सांगत होता. भाड्याच्या मशीनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या परदेशी वेळेवर होतं आणि तिन्ही भाषा इमानाने तीच वेळ वाचत होत्या. मी तिघांच्या सेटिंगमध्ये भारतीय वेळेची एकेक ओळ घातली. पुढच्या चिठ्ठीवर अकरा वाजून नऊ मिनिटं आली.

सल्लागाराला अचानक गाडीची वेळ आठवली. साहेबांनी त्याच्या हातात शेंगाचटणीचा पुडा ठेवला. चूक करणाऱ्याचा असा सत्कार दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही.

आठवड्याने आम्ही तिघं कारखान्यात गेलो. साहेब मालकांना ऐटीत म्हणाले, "कुठल्याही भाषेतला प्रोग्राम द्या, आमच्याकडे चालतो. माझं पहिल्यापासून हेच म्हणणं. काय काका?"

मी तोंड उघडलं होतं. टेबलाखाली काकांनी माझ्या चपलेवर पाय ठेवला.

"व्हय साहेब," काका म्हणाले. "चिठ्ठ्यांचं काम अजून तीन वर्षं तरी मीच बघतो मग?"

मालकांसमोर साहेबांना नाही म्हणता येईना. "म्हणजे काय! तुमच्याशिवाय कोण बघणार?"

काकांनी पाय काढून घेतला.