गोदामावशींचा कंट्रोल

गोदामावशींना पहिला महिनाभर मी बसलेलं पाहिलंच नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मी शिकाऊ डॉक्टर होते. केनवडच्या या मावशी रिसोडच्या बाजारात भाजी विकायच्या आणि दर आठवड्याला जुलाब थांबवायच्या गोळ्या न्यायला यायच्या. बाक रिकामा असला तरी गडद लुगडं सावरत भिंतीला पाठ लावून उभ्या.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, आम्हाला लाजिरवाणे प्रश्न विचारायला शिकवलं होतं. मी माझ्या पुणेरी मराठीत विचारलं, "शौचावर नियंत्रण आहे का?" त्या पंख्याकडे पाहत राहिल्या. मी सोपं केलं, "कंट्रोल आहे का, कंट्रोल?"

"हाये ना. शाळेच्या बाजूलेच हाये. या महिन्यात तांदूळ मातर नाई आला."

कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, हे मला कुठलं ठाऊक! 'कंट्रोल उत्तम' असं लिहून मी मोकळी झाले. सरांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला आणि शांतपणे विचारलं, "मग या बाई बसत का नाहीत?"

मी मावशींना आत नेलं, दार लावलं आणि सरांचाच प्रश्न विचारला.

"उठतांनी लुगडं मांगून खराब दिसलं तं?" त्या हळूच म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, एसटीतबी उभ्यानंच, बसली नाई. तीन महिन्यानं जऊळक्याले नातीचं लगन हाये. तिले सांगतलं, पाय दुखते, येत नाई." मग माझ्यावरच उखडल्या. "कंट्रोल कायले पुसलं? लग्नाले जाता का, असं पुसा. बाई आपोआप सांगते."

बाळंतपणातली जुनी इजा निघाली. सरांनी औषध बदललं आणि व्यायाम दिला: पोटातला वारा अडवताना आवळतो तसं आवळायचं, दहा मोजायचे. मावशी तो बाजारातच करायच्या. गिऱ्हाइकानं मेथीचा भाव विचारला आणि त्या सातावर असल्या, तर दहा होईपर्यंत उत्तर नाही.

पुढे सरांनी त्यांनाच आमच्या वर्गात शिकवायला बोलावलं. मान खाली घातलेल्या एका मुलाला त्या म्हणाल्या, "मीबी लाजली, तूबी लाजला, मंग दवाई कोनाले देशीन?" माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा ते वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

मावशी गेल्या वर्षी वारल्या. फार आठवतात. नातीच्या लग्नाला त्यांनी मलाही नेलं होतं. आठवतात त्या जऊळक्याच्या त्या मांडवातल्या: पहिल्या रांगेत, फिक्या मोतिया लुगड्यात, ऐसपैस बसलेल्या. जेवणं आटोपली, पोरं खुर्च्या गोळा करू लागली, म्हणून मी उठले. मावशींनी हात धरून मला खाली बसवलं.

"बस ना पोरी. मी उठून राह्यली का?"