उपाशी पाहुणा आणि आमचे आतोबा

आमच्या आतोबांइतका भुकेला घाबरणारा माणूस बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत शोधून सापडला नसता, आणि गंमत म्हणजे ही भूक कधी त्यांची स्वतःची नसे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सरकारी कचेरीतून पेन्शन घेतल्यावर त्यांनी बोरिवलीला, तेव्हा जिथे भातशेती संपून तुरळक घरं सुरू होत होती तिथे, तीन खोल्यांचं बैठं घर बांधलं. मूलबाळ नव्हतं. मला अंधेरीच्या एका कारखान्यात कारकुनी लागली तेव्हा, "खोली कसली शोधतोस रे गाढवा, आमच्या घराला काय भिंती नाहीत?" असं म्हणून त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलून आत नेली. माझी पाळी दुपारी दोनची असे, त्यामुळे दुपारी आम्ही तिघंही घरीच जेवत असू. म्हणजे जेवायला मिळालं तर. कारण बाराच्या ठोक्याला आतोबा उघड्या अंगाने फाटकाशी जाऊन उभे राहत, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे एकेकदा तोंड करत आणि खणखणीत आवाजात विचारत, "कुणी उपाशी आहे का?" जुन्या गृहस्थांची ही रीत मी ऐकली होती, पण बोरिवलीत, सायकलवरून जाणाऱ्या पोस्टमनला थांबवून ती पाळणारा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही. बरं, विचारून आत यावं, तर तेही नाही. कुणाकडून तरी नीट "नाही" ऐकल्याशिवाय ते पानावर बसत नसत. बहुतेक वेळा हे उत्तर गोराईची एक कोळीण देई. ती सकाळी तरीतून खाडी ओलांडून मासळी विकायला यायची आणि त्या सुमाराला रिकामी होत आलेली पाटी डोक्यावर घेऊन परत निघालेली असायची. गल्लीच्या टोकावरूनच ती ओरडे, "मी जेवलंय रं बामना! तू जेव!" मग आतोबा समाधानाने आत येत आणि आत्या वरणभात वाढायला घेई.

या खुळाचं मूळ त्यांच्या विद्यार्थिदशेत होतं. लहानपणी ते वार लावून शिकले. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचं. त्यांतल्या गुरुवारच्या घरची मंडळी एकदा न सांगता गावाला निघून गेली ती दोन वर्षं आलीच नाहीत. "मला दत्ताची भक्ती नाही रे," आतोबा म्हणत, "पण माझ्याइतके गुरुवार कुणी केले नसतील." एवढं बोलून ते स्वतःच मोठ्याने हसत, आत्या मात्र हसत नसे. घरात त्यामुळे कुणाचा तरी राबता असायचाच. वरातीत वाजवून दमलेले तीन बँडवाले एकदा आमच्या ओटीवर ढोलासकट जेवले. वाट चुकलेल्या एका शेळीला आतोबांनी माझ्या वाटणीची कोथिंबीरवडी खाऊ घातली, आणि मी कुरकुर केली तर म्हणाले, "तुला बोलता येतं, मागून घेशील. तिनं कुणाला सांगायचं?"

अशा माणसाच्या घरी साप आला, आणि तोही न जेवणारा. झालं, वाट लागली आमची!

ते घडलं असं. शेजारच्या विहिरीवर चारपाच जण काठ्या घेऊन एका सापामागे लागले होते. आतोबा छत्री घेऊन मध्ये घुसले, सर्वांना वेडंवाकडं बोलले आणि त्या सापाला धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी घेऊन आले. पिवळट अंगावर काळे चौकडे, लांबीला दोन हातांहून जास्त, आणि पाठीवर काठीची मोठी जखम. त्याने वाटेतच आतोबांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला होता. आत्याने किंकाळी फोडली. मी डॉक्टरकडे धावायला निघालो, तर आतोबांनी मला बसवलं, घड्याळ समोर ठेवलं आणि आपण मरतो का हे बघत तासभर शांतपणे बसून राहिले. तास उलटल्यावर म्हणाले, "बिनविषारी आहेत. सज्जन आहेत हो पाहुणे. भुकेले असतील म्हणून चावले." त्या क्षणापासून घरात साप हा शब्द बंद झाला. पाहुणे म्हणायचं आणि तेही अहो-जाहो करून. बंद पडलेल्या एका मिठाईच्या दुकानातून त्यांनी काचेची पेटी आणली, तिच्यावर जाळी बसवली, आत वाळू पसरली आणि जखमेला हळद लावून पाहुण्यांना त्यात उतरवलं. पेटीवरची 'ताजे पेढे' ही अक्षरं खरवडायची राहिली ती राहिलीच.

पाहुणे काही खाईनात. पहिल्या दिवशी साखर घातलेलं दूध झालं. दुसऱ्या दिवशी लाह्या. मग दहीभात, शिळी पोळी कुस्करून, मऊ केळं. आत्याच्या हातचा शिरासुद्धा वाटीत गेला आणि वाळून परत आला. तिन्ही त्रिकाळ आतोबा पेटीपुढे मांडी घालून बसत आणि लग्नात जावयाला करावा तसा आग्रह करत. "दोन शितं तरी घ्या. यजमानांसाठी नको, अन्नासाठी घ्या." पाहुणे जीभ बाहेर काढत, आत घेत आणि कोपऱ्यात वेटोळं करून पडत. कुणीतरी उंदराचं नाव काढलं. आतोबांना ते पटेना, पण इलाज नव्हता. चार घरं फिरून पिंजरा आणला, एक उंदीर धरला आणि डोळे मिटून पेटीत सोडला. डोळे उघडून बघतात तर उंदीर एका कोपऱ्यात थरथरतोय. "अरे, हाही उपाशी दिसतोय," म्हणत त्यांनी त्याला भाकरीचा तुकडा दिला. उंदराने तो पाहुण्यांच्या शेपटीशेजारी बसून सगळा खाल्ला. पाहुण्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. संध्याकाळी आतोबांनी उंदराला परसात सोडलं, आणि जाताना अजून एक तुकडा दिला.

इथवर हसण्यावारी होतं. पण घरात कुणी उपाशी असताना यजमानाने पानावर बसायचं नाही हा त्यांचाच कायदा, आणि तो त्यांच्याच गळ्यात आला. आतोबांनी अन्न सोडलं. दिवसाला दोन केळी आणि चहा, बस्स. मी समजावलं, चिडलो, "आतोबा, तो साप आहे हो!" असं ओरडलोदेखील. ते म्हणाले, "अरे, उंबऱ्याच्या आत मीच आणलंय ना त्याला?" आता मला ठाऊक आहे की साप महिना महिना न खाता खुशाल राहतो. तेव्हा ठाऊक असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. मी मात्र रोज जेवत होतो, खोटं कशाला बोलू? आत्या वाढे, मी मान खाली घालून खाई आणि पाळीला पळे. आत्या कधी जेवते हे विचारायचं मला सुचलं नाही.

आतोबांच्या उपासाच्या सातव्या दिवशी सकाळी जात्यापाशी धप्प असा आवाज झाला. धावत गेलो तर आत्या आडवी पडलेली, हात जात्याच्या खुंट्यावरच. तोंडावर पाणी मारलं तेव्हा तिने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय म्हणावं, तर "आमटी उतू जाईल." मी पिठाचा डबा उघडला, पोळ्यांची दुरडी बघितली, दोन्हीत एकाच माणसापुरतं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात सात दिवस एकट्याचाच स्वयंपाक होत होता, माझा. नवरा जेवल्याशिवाय ती कशी जेवणार? मला असा काही संताप आला की नातं, वय, सगळं विसरून मी आतोबांवर ओरडलो, "रोज फाटकावर जाऊन गल्लीला विचारता ना, कुणी उपाशी आहे का? एकदा स्वयंपाकघरात तोंड करून विचारा की!"

आतोबा आत्याजवळ खाली बसले आणि तिचा पीठ लागलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "तुमचे तितके माझे." माझ्यादेखत त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळलं. त्यांनी स्वतः भात कालवून तिला भरवला आणि तिच्या हट्टापायी आपणही चार घास घेतले, पण प्रत्येक घासाला त्यांची नजर पेटीकडे जात होती. त्या दिवशी बारा वाजले आणि फाटकावर कुणी गेलंच नाही.

साडेबाराला फाटक वाजलं. पाटी डोक्यावर घेऊन कोळीण उभी. इतक्या वर्षांत ती फाटकाच्या आत कधी आली नव्हती, आत्याला मासळीचा वास सोसत नसे म्हणून. "आज साद नाय घातली बामनानं," ती म्हणाली, "जीव घाबरला माजा, म्हून बगाया आलू." मग तिचं लक्ष ओटीवरच्या पेटीकडे गेलं आणि ती पोट धरून हसायला लागली. "अगं बाय, यो त दिवड! पान्यातला जीव हाय यो. याला पेढं दिलं काय तुमी? याला म्हावरं पायजे, जितं म्हावरं!"

आतोबांनी आत्याकडे बघितलं नाही. त्यांची हिंमतच नव्हती. आमच्या त्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात चार महिने यायचा नाही. आत्या दाराचा आधार घेऊन उभी होती. तिने एकवार पेटीकडे बघितलं, एकवार नवऱ्याच्या खप्पड झालेल्या गालांकडे, आणि कोळणीला म्हणाली, "उद्या आणशील का गं? बोटाएवढे आण. फार मोठे नकोत, घशात अडकायचे त्याच्या."

दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या रिकाम्या डब्यात पाणी आणि त्यात सळसळणारे सातआठ मासे आले. आत्याने अंघोळीचं घंगाळ पेटीत ठेवायला दिलं आणि नाकाला पदर लावून जागची हलली नाही. मासे पाण्यात पडले मात्र, पाहुण्यांनी मान उचलली. मग असा काही झपाटा मारला की पाणी आमच्या अंगावर उडालं. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. "जेवले!" आतोबा ओरडले. "जेवला गं बाई एकदाचा!" आत्या म्हणाली, आणि नाकावरचा पदर डोळ्यांना लावला. त्या दुपारी आम्ही तिघं एका पंक्तीला बसलो, आणि तिथून पुढे आतोबांनी आत्याला मागाहून जेवू दिलं नाही. फाटकावर जाण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि तोच प्रश्न हळूच तिला विचारत.

महिन्याभराने जखम भरली, पाहुण्यांनी कात टाकली, आणि आतोबा त्यांना शेतांपलीकडच्या तळ्यावर पोचवायला निघाले. जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, पण पाहुण्यांना हात कुठले? आत्याने दह्याचा एक थेंब पेटीच्या काचेवर लावला, आणि आत गेली.

पुढे तीन वर्षांनी आतोबा गेले. दिवस झाले, नातलग पांगले, आणि आत्याची अन्नावरची वासनाच उडाली. मी ताट वाढून समोर ठेवी, ती भिंतीकडे बघत बसे. मी हरलो होतो. एका दुपारी फाटक वाजलं. कोळीण सरळ आत आली आणि ओटीच्या पायरीवर बसली. त्या दिवशी तिचा धंदा झाला नव्हता, पाटी भरलेली होती आणि ऊन मरणाचं होतं. "बाय," ती म्हणाली, "तू जेवल्याबगर मी पाटी उचलत नाय. नासू दे म्हावरं." अर्धा तास गेला. पाटीवरचं ओलं फडकं सुकत आलं. आत्या उठली, आत गेली आणि पिठलंभाताची दोन ताटं घेऊन आली. त्या दोघी पायरीवर शेजारी शेजारी बसून जेवल्या. आत्या घासागणिक रडत होती, पण जेवत होती.

दुसऱ्या दिवशी मी पाळीला निघायच्या तयारीत होतो, तोच बाराचे ठोके पडले. आत्या चप्पल न घालता फाटकाशी गेली. आयुष्यात तिने कधी मोठ्याने हाक मारलेली नव्हती, आवाज फुटेना. दोनदा खाकरली, आणि मग कापऱ्या, बारीक आवाजात म्हणाली, "कुणी उपाशी आहे का?"

गल्लीच्या टोकावरून लगेच उत्तर आलं, "मी जेवलंय गं बाय! तू जेव!"